चौथा दगड

एक होतं रान. त्या रानात एक घोडी राहत असे, घोडीची म्हातारी आई राहत असे आणि घोडीचं दीड वर्षाचं शिंगरू राहत असे. त्याच रानात एक कोल्हाही राहत असे, त्याला सगळे पारखीबुवा म्हणत. घोडीचं घर उघड्या माळावर आणि पारखीबुवांचं वडाच्या गार सावलीत. माळावर कोण राहणार आणि सावलीत कोण बसणार हे कुणी ठरवलं, तेच सांगते, ऐका.

रानाच्या मधोमध एक नदी होती आणि नदीच्या काठाला एक कुरण होतं. पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळायचं, त्याला कुसळं धरायची. खाणाऱ्याच्या हिरड्यांत ती सुईसारखी घुसायची. कुरणात मात्र भर वैशाखातही पोटाला लागेल एवढं हिरवं, लुसलुशीत गवत. कुरण एक आणि तोंडं पुष्कळ. म्हणून फार मागे एका शहाण्या हत्तीने रीत घालून दिली होती. थंडीच्या पहिल्या पुनवेला, सकाळच्या उन्हात, घोड्यांनी शर्यत लावायची. वडापासून निघायचं, नदी ओलांडायची, पलीकडच्या टेकडीला वळसा घालायचा, परत नदी ओलांडून वडाशी यायचं. पहिला येईल त्याच्या घरच्यांनी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुरणात राहायचं. बाकीच्यांनी माळावर.

हत्ती नुसता अंगाने मोठा नव्हता, विचारानेही मोठा होता. तो म्हणाला, "असंच चाललं तर दांडगा असेल तो दर साल जिंकेल आणि दांडग्याचंच पोट भरत राहील. म्हणून जिंकेल त्याच्या पाठीवर पुढल्या साली एक दगड बांधायचा. दगड घेऊन तो हरला, की दगड उतरवायचा." बघा, किती सरळ होतं. दगड चढायचा, दगड उतरायचा. कुरण यंदा याच्याकडे, पुढल्या साली त्याच्याकडे. हत्ती होता तोवर रानात कुणी भुकेने मेलं नाही.

हत्ती गेला. आता कुणाच्या पाठीवर किती दगड हे ठरवायला कुणीतरी हवं, म्हणून कोल्हा पुढे झाला आणि वडाखाली बसला. त्याने हत्तीची रीत मोडली नाही बरं का! मोडली असती तर चारजण ओरडले असते. त्याने रीत अर्धी ठेवली. चढवायचं तेवढं ठेवलं आणि उतरवायचं विसरून गेला. अर्धी रीत पूर्ण मोडलेल्या रीतीपेक्षा वाईट, कारण ती बाहेरून अगदी रीतीसारखीच दिसते.

घोडी एकदा जिंकली होती. एकदाच. पुढल्या साली तिच्या पाठीवर दगड आला, तरी ती दुसरी आली. कोल्हा म्हणाला, "दगड घेऊन दुसरी येते, म्हणजे दगड कमी पडला." तिसऱ्या साली दोन दगड आले आणि ती सगळ्यांत शेवटी आली. आता तरी उतरतील? कोल्ह्याने मिशांवरून पंजा फिरवला आणि म्हणाला, "ही लबाडी आहे. दगड उतरावेत म्हणून मुद्दाम मागे राहिली." झालं! जिंकली तर दगड, हरली तरी दगड.

तिचं शिंगरू माळावरच जन्मलं आणि माळावरच वाढलं. वाढलं कसलं? दीड वर्षाचं झालं तरी सहा महिन्यांचं दिसायचं. पोट खपाटीला आणि बरगड्या बाहेर. मागचा उन्हाळा कसाबसा निघाला. आजी कुसळं काढून काढून, गवत आधी आपल्या तोंडात मऊ करून त्याला भरवायची. त्यात तिचे पुढचे दात झिजले, मागचे पडले. यंदा पाऊसही हात राखून पडला होता. थंडी पडली तोवर माळ पिवळा झालेला. दुसरा उन्हाळा शिंगरू काढणार नाही हे आजीला दिसत होतं, घोडीला दिसत होतं.

शर्यतीआधी आठ दिवस पारख असायची. त्या सकाळी आजी घोडीला म्हणाली, "अगं, जाताना चार पावलं लंगडत जा. सगळेच जातात. काय जातंय तुझं?"

घोडी म्हणाली, "आई, सोंगाची पायाला सवय लागते."

"पोटाला उपाशी राहायची सवय लागते का?"

घोडी शिंगराकडे बघत म्हणाली, "ते माझ्या मागून चालतंय. मी लंगडले तर तेही लंगडेल. त्याला निदान चालणं तरी धड शिकवू दे."

"शीक म्हणावं," आजी पुटपुटली, "धड चाला आणि धड मरा." पण ती उठली आणि लेकीच्या बरोबर निघाली.

वडाखाली जत्रा भरली होती. वरच्या फांदीवर कावळा बसून यंदा कोण जिंकणार ते ओरडून सांगत होता. "काळा! यंदा काळ्याचं नशीब! कुणाला लावायचंय त्याने काळ्यावर लावा!" खारीने साठवलेल्या चिंचा काळ्यावर लावल्या. माकडांनी उंबरं पंचकल्याणीवर लावली. सशाने विचारलं, "आणि घोडी?" तेव्हा कावळा इतका हसला की फांदीवरून पडता पडता राहिला.

पहिला काळा घोडा आला. अंग शिसवीसारखं चकाकत होतं. पावसाळ्यापर्यंत तोच कुरणात होता. पण पारखीबुवांसमोर येताच त्याला असा खोकला लागला, जसा काही तो खोकला या दिवसासाठी जपूनच ठेवला होता.

"अरेरे," कोल्हा म्हणाला, "फार दिवस आहे का?"

"जिंकलो तेव्हापासून, पारखीबुवा. हिरवं गवत बाधलं." मग तो कोल्ह्याच्या कानाशी लागून म्हणाला, "पाणकोंबडीची अंडी कुठे आहेत ते सांगायचं राहून गेलं होतं."

कोल्हा तसा काकडीला राजी. ही तर अंडी! तो म्हणाला, "आजारी जीव आहे. दगड नको." वास्तविक हत्तीच्या रीतीप्रमाणे मागच्या साली जिंकला म्हणून दगड त्याचाच होता. पण हत्ती कुठे होता?

मग पंचकल्याणी घोडा आला, चार पाय आणि कपाळ पांढरंशुभ्र. त्याने डोळे अर्धे मिटून घेतले आणि दिसत नाही म्हणून मुद्दाम वडाच्या पारंबीला धडकला. त्यालाही दगड नाही. मग तट्टू आलं. बुटकं, गुबगुबीत, तोंडाने गोड. तीन पायांवर उड्या मारत आलं.

"या मागच्या उजव्या पायात काय झालंय कळत नाही, बुवा," तट्टू म्हणालं. "शर्यतीपर्यंत बरा झाला तर तुमचा आशीर्वाद."

"आठ दिवस असाच राहिला पाहिजे हां," कोल्हा डोळा मिचकावून म्हणाला. "कावळा बघत असतो. नाहीतर लोक मला बोल लावतील."

शेवटी घोडी आली. चार पायांवर सरळ चालत आली. मागून शिंगरू आलं, तेही सरळ. कोल्ह्याने तिच्याभोवती एक फेरी मारली, दात बघितले, खूर बघितले, पाठीवरचे घट्टे बघितले. दोरांनी काचून तिथले केस गेले होते आणि परत उगवले ते पांढरे.

"काय आजार?" कोल्ह्याने विचारलं.

"काही नाही."

"ऐकलंत?" कोल्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला. "स्वतःच सांगतेय, काही नाही! इथे सगळे आजारी आणि ही एकटी धडधाकट. मग न्याय कसा व्हायचा? तीन दगड."

तेव्हा आजीला राहवलं नाही. ती पुढे झाली. "पारखीबुवा, हत्तीने रीत घातली तेव्हा मी समोर उभी होते. याच वडाखाली. हरला की दगड उतरवायचा, असं त्याचं बोलणं होतं. ही गेल्या साली शेवटी आली. दगड उतरवायचे सोडून चढवता कसे?"

सगळं रान आजीकडे वळलं. कावळासुद्धा. क्षणभर असं वाटलं की आता कुणीतरी म्हणेल, होय, म्हातारी खरं बोलतेय. आणि आठवत होतं हो बऱ्याच जणांना! वडाखालच्या कासवाला आठवत होतं. त्याने डोकं आत ओढून घेतलं.

कोल्हा आजीजवळ आला आणि गोड आवाजात म्हणाला, "आजीबाई, तोंड उघडा बघू. दात किती राहिले?"

आजीने तोंड मिटून घेतलं.

"ज्यांच्या तोंडात दात टिकले नाहीत, त्यांच्या तोंडात हत्तीचे शब्द बरे टिकले!" सगळे हसले. तट्टू तर लंगडणं विसरून चारी पायांवर उभं राहून हसलं. कोल्हा दगड बांधणाऱ्या वानराकडे वळला, "चार दगड बांध. तीन घोडीचे आणि एक हिच्या आईच्या जिभेचा."

माळ आल्यावर आजी म्हणाली, "चौथा मी घातला तुझ्या पाठीवर."

घोडी म्हणाली, "आई, तू खरं बोललीस."

"खरं बोलायची हौस माझी, पाठ तुझी," आजी म्हणाली आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिली.

आठ दिवस घोडीने एकच केलं. रोज पहाटे नदीवर जायचं, वाळूतून चढायचं, उतरायचं. दगड शर्यतीपुरतेच पाठीवर असत, पण मागची दोन वर्षं ते रोजच आहेत असं समजून ती चालली होती. पाय कसा टाकायचा, वजन कुठल्या खुरावर घ्यायचं, घसरतं तिथे किती वेळ थांबायचं, हे तिला आता मनात आणावं लागत नव्हतं.

घोडामैदान जवळ आलं. पुनवेच्या सकाळी वानराने पळसाच्या मुळ्यांच्या दोराने दोन दगड या अंगाला आणि दोन त्या अंगाला बांधले. घोडीच्या पाठीचा कणा जरा वाकला. शिंगरू विचारायला लागलं, "आई, तू जिंकणार?" घोडी म्हणाली, "मी परत येणार." खोटं बोलायची तिला सवयच नव्हती, शिंगराशीसुद्धा.

कोल्ह्याने आरोळी ठोकली आणि शर्यत सुटली. काळ्याचा खोकला गेला, पंचकल्याणीचे डोळे उघडले, तट्टूचा पाय बरा झाला. काय चमत्कार म्हणावा! तिघे वाऱ्यासारखे गेले. नदी घोट्याएवढी होती; त्यांनी तीत खूर धड भिजवलेसुद्धा नाहीत. घोडी मागून आली, पाण्यातून एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली आणि टेकडीच्या वाटेला लागली. "दिसत नाही अजून!" कावळा वरून ओरडला. "धूळसुद्धा दिसत नाही हिची!"

पण त्याला आणखी एक गोष्ट दिसायला हवी होती आणि ती त्याने बघितली नाही, कारण त्याचं सगळं लक्ष हसण्यात होतं. डोंगरापलीकडे रात्रभर अवकाळी पाऊस कोसळला होता. इकडे आभाळ निरभ्र, तिकडे ओढे फुटलेले. घोडे टेकडीला वळसा घालून येईपर्यंत नदीला लोंढा आला. तांबडं, गढूळ पाणी, झाडाच्या फांद्या घेऊन दणाणत आलं. बघता बघता घोट्याची नदी छातीला लागली.

काळा पहिला आला. त्याने थांबून बघायला हवं होतं. पण मागे पंचकल्याणी होता, थांबला तर तो पुढे जाणार. त्याने उडी घेतली. अंग हलकं, पाठ मोकळी. पाण्याने त्याचे चारी पाय एकदम उचलले, जसं वारा पाचोळा उचलतो. पंचकल्याणीने बघितलं आणि तरी उडी घेतली. तोही गेला. दोघे खाली वाहत गेले. अर्ध्या कोसावर वाळूत फेकले गेले. जगले, पण त्या दिवशी उठले नाहीत. तट्टू काठावर थबकलं, मग त्यालाही मोह आवरला नाही. पुढचे दोघे गेले, म्हणजे कुरण आपलंच की! तेही उतरलं आणि मधल्या एका खडकाला अडकून गटांगळ्या खायला लागलं.

घोडी आली. अलीकडच्या काठावर सगळं रान उभं होतं. आजी ओरडली, "नको! परत जा!" पण पाण्याच्या आवाजात ते घोडीला ऐकू गेलं नाही. तिने काठावर उभं राहून शिंगरू कुठे आहे तेवढं बघितलं. ते आजीच्या पायांपाशी उभं होतं. मग ती पाण्यात उतरली.

पाणी छातीवर आलं आणि तिला ढकलायला लागलं. पण तिचे पाय उचलले जाईनात. दोन दगड या अंगाला, दोन त्या अंगाला. तळाच्या वाळूत तिचे खूर मेखेसारखे रोवले गेले. तिने एक पाय उचलला, टाकला, वजन घेतलं, थांबली. मग दुसरा. घसरतं तिथे थांबायचं, हे पायांना ठाऊकच होतं. तीन वर्षं ज्याने तिला मागे खेचलं, त्यानेच आज तिला धरून ठेवलं होतं.

खडकाशी आली तेव्हा तट्टू ओरडलं, "ताई! ताई गं! वाचव!" आठ दिवसांपूर्वी चार पायांवर उभं राहून हसलं होतं ते हेच. घोडी थांबली. थांबण्यात किती धोका आहे हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "शेपूट धर."

तट्टूने शेपूट दातांत धरली आणि तिच्या आडोशाने, पावलापावलाने काठाला लागलं. खूर कोरड्या जमिनीला टेकले मात्र, त्याने शेपूट सोडली आणि वडाकडे धूम ठोकली! मागे वळूनही बघितलं नाही. घोडीच्या पाठीवर चार दगड आणि शेपटीतून रक्त. पण दहा पावलं गेल्यावर तट्टूचा मागचा उजवा पाय दुमडला. आठ दिवस कावळ्याच्या धाकाने तो उचलून धरला होता. सवय मोडलेला तो पाय शर्यतीच्या एका धावेपुरता टिकला, दुसऱ्या धावेला वजन घेईना. तट्टू खरोखर लंगडलं, बसलं आणि उठेना. घोडी त्याच्या शेजारून गेली. धावत नव्हती, चालत होती. ती चालत चालत वडाशी आली आणि उभी राहिली.

कुणीही ओरडलं नाही. ज्यांनी काळ्यावर लावलं होतं ते काय ओरडणार?

पहिला बोलला तो कोल्हा. तो हसत पुढे आला. "बघितलंत? बघितलंत माझी पारख? मी चार दगड दिले नसते तर ही आज वाहून गेली असती! ही जिंकली ती माझ्या दगडांमुळे. बाई, कुरणात गेल्यावर पारखीबुवांना विसरू नकोस. तिथे पाणकोंबड्या फार असतात म्हणे."

रान मान डोलवायला लागलं! खरंच की, दगड नसते तर... असं म्हणणारेही निघाले. असंच असतं, बाळांनो.

घोडी धापा टाकत होती. श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "दगड तुझे होते, पारखीबुवा. पाठ माझी होती. तू ते बुडवायला बांधलेस. न बुडायला मी शिकले. यात तुझं काय?"

कोल्हा म्हणाला, "उपकार तरी मान!"

तेव्हा मागून आजी आली. "चौथा माझ्या जिभेचा होता ना? मग त्याच जिभेने सांगते. दगड उतरव." आणि ती कोल्ह्याकडे नाही, वानराकडे बघत म्हणाली. वानराने कोल्ह्याकडे बघितलं, रानाकडे बघितलं, मग गुपचूप दोर सोडला. दगड एकेक करून वडाखाली पडले. कासवाने डोकं बाहेर काढलं आणि म्हणालं, "हत्तीची रीत तशीच होती. मला आठवतंय." आजी त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आज आठवलं होय?"

पुढच्या साली कोल्ह्याला वडाखालून उठवलं. तिथे कोण बसलं म्हणाल, तर कावळा. खोटं कशाला सांगू?

पण ते पुढचं. त्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत तिघं कुरणात गेली. घोडी पाण्याकाठी आडवी झाली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा आडवी झाली होती. आजीने हिरव्या गवताचा एक मोठा घास घेतला. चावायला गेली, पण दात नव्हते. तो घास तोंडात धरून, त्याचा वास घेत, ती बराच वेळ उभी राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा म्हणाली, "थंडी फार आहे." मग तो घास तिने शिंगरापुढे टाकला.

शिंगरू खात होतं. कुसळ काढायला थांबावं लागत नाही हे त्याला कळेना. दर घासाला ते सवयीने थांबायचं, आजीकडे बघायचं. आजी म्हणायची, "खा रे, यात काही नाही. खा." अंधार पडेपर्यंत ते खात राहिलं, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा त्याचं खपाटीला गेलेलं पोट टम्म झालं.

तात्पर्य : लादलेल्या ओझ्यानेही कधी कुणी तरून जातो, पण ते बळ वाहणाऱ्याच्या पाठीचं असतं; लादणाऱ्याने त्याचं श्रेय मागू नये, आणि मागितलं तर वाहणाऱ्याने ते देऊ नये.